डबलबेलराव समुद्राला निघतात

चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर प्रवासाला पाठवणं म्हणजे माळ्याला फुलांचा गुच्छ देण्यासारखं आहे, असं डबलबेलरावांचं स्पष्ट मत होतं. पण लेक आणि जावई दोघंही हटून बसले. त्यांनी आपल्या दोन मोठ्या सॅक धुऊन, वाळवून, झटकून समोर आणून ठेवल्या.

"बाबा, हॉटेल नाही, टॅक्सी नाही, गाईड नाही. पाठीला सॅक, पायात बूट आणि मिळेल ती बस. आधी चार दिवस जुने अवशेष, मग चार दिवस समुद्रकाठची गावं. तुम्ही आणि आई. दोघंच."

"ह्यांच्याबरोबर बसमधून?" बायको शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "म्हणजे मी पॅसेंजर आणि हे ड्युटीवर."

डबलबेलराव हे नाव त्यांना डेपोनं दिलं होतं. बसच्या छताला लागून जी दोरी जाते, ती एकदा ओढली की गाडी थांबवायची आणि दोनदा ओढली की सोडायची. हे सगळेच कंडक्टर करतात. पण ह्यांच्या दोन ओढींत असा काही रुबाब असे, की म्हातारा ड्रायव्हरसुद्धा पाठ ताठ करून गिअर टाकी. चौतीस वर्षांत त्यांनी एकही गाडी उशिरा सोडली नव्हती, एकही प्रवासी मागे ठेवला नव्हता आणि स्टॉप नसताना कुणासाठी, अगदी सख्ख्या मेव्हण्यासाठीसुद्धा, गाडी थांबवली नव्हती. मेव्हणा अजून बोलत नाही.

बायकोला आळीतले सगळे शिवणबाई म्हणत. शाळेचे गणवेश, पडदे, लग्नातले झगे, जे येईल ते त्या शिवत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी डबलबेलराव त्यांना म्हणाले होते, "तुला समुद्र दाखवतो." मग रजा मिळेना, मग लेक झाली, मग लेकीची शाळा, मग गणवेशांची घाई. समुद्र आपला जिथल्या तिथे राहिला. शिवणबाईंनी कधी तगादा लावला नाही. फक्त एखादं निळं कापड मशीनवर आलं की विचारत, "समुद्र असाच असतो का हो?" आणि ज्यांनी स्वतःही तो पाहिला नव्हता ते डबलबेलराव गंभीर चेहऱ्यानं सांगत, "साधारण."

तर अशी ही जोडी निघाली. निघताना उंबऱ्यात उभं राहून शिवणबाईंनी अट घातली.

"ही सहल आहे, ड्युटी नाही. तुम्ही कंडक्टर झालात तर दोनदा सोडून देईन. तिसऱ्यांदा झालात की मी परतीच्या गाडीत बसणार. समुद्र तुम्ही एकट्यानं बघा."

"बोलायला काय जातं," डबलबेलराव हसून म्हणाले.

"चौतीस वर्षांत मी दिलेली तारीख कधी चुकवलीय? एखाद्या तरी गिऱ्हाइकाची?"

डबलबेलरावांचं हसू मावळलं. नव्हती चुकवली. तापानं फणफणलेली असताना सुद्धा ही बाई नवरीचा झगा ठरल्या दिवशी सकाळी नऊला पोचवून आली होती. हिनं जाणार म्हटलं की ही जाणार.

पहिला दिवस बरा गेला. पडक्या राजवाड्यातल्या मूर्तींना डोकी नव्हती, पण शिवणबाईंना डोक्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या एकेका मूर्तीपुढे उभ्या राहून दगडातल्या चुण्या मोजत होत्या. "चौदा चुण्या. आणि बघा, शेवटची चुणी पहिलीएवढीच आहे. कापडावर करून दाखवा म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी घोडं अडलं ते एका अरुंद दारात. आतले बाहेर येऊ बघत होते, बाहेरचे आत जाऊ बघत होते आणि मधे पंचवीस माणसांचा लोळागोळा झाला होता. डबलबेलरावांनी बराच वेळ दात आवळून धरले. पण पुढची बाई पाय पुढे टाकेना, तसा त्यांचा बांध फुटला.

"आधी बाहेर येणाऱ्यांना येऊ द्या! तुम्ही भिंतीला लागा! पुढे सरका, पुढे मोकळं आहे!"

एका मिनिटात दार मोकळं झालं. एक गृहस्थ कृतज्ञतेनं जवळ येऊन म्हणाले, "हा वाडा कुठल्या राजाचा हो?"

"ते मला माहीत नाही. पण तुम्ही पुढे सरका."

मागे वळून बघतात तो शिवणबाईंनी एक बोट वर केलेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते एका प्राचीन नाट्यगृहात पोचले. अर्धगोलात दगडी पायऱ्या, खाली रंगमंच, वर ऊन. डबलबेलराव सावलीतल्या पायरीवर टेकले आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली ती दचकून, आणि दचकून जाग आली की गेली चौतीस वर्षं जे तोंडून बाहेर पडत असे तेच पडलं.

"शेवटचा स्टॉप! सगळे उतरून घ्या! सामान विसरू नका!"

त्या नाट्यगृहाची बांधणीच अशी, की कुठंही बोललेलं सगळीकडे लख्ख ऐकू यावं. चाळीसेक पर्यटक उठले. कुणी टोप्या घेतल्या, कुणी बाटल्या, आणि सगळे निमूटपणे पायऱ्या उतरू लागले. एका आजोबांनी तर पलीकडच्या पोराला हाताला धरून उठवलं.

शिवणबाईंची दोन बोटं वर.

"झोपेतलं धरायचं नाही हं," डबलबेलराव काकुळतीला आले.

"झोपेत कापड चुकीचं कापलं तर ते परत जुळतं का?"

त्या दिवसापासून डबलबेलराव स्वतःवर डोळ्यात तेल घालून पहारा देऊ लागले. बसमध्ये बसले की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरत. कुणी दारात उभं राहिलं तर तिकडे पाठ फिरवत. एकच दिवस उरला होता. चौथ्या दिवशी दुपारी पावणेतीनची बस मिळाली की सात किलोमीटरवर समुद्र. एकदा तिला पाण्यापाशी नेऊन उभं केलं की मग काय व्हायचं ते होवो.

चौथ्या दिवशीचे अवशेष म्हणजे एक पडका किल्ला आणि त्याच्या कोपऱ्यात एक उंच मनोरा.

"वर जाऊ या ना," शिवणबाई म्हणाल्या. "एकशे बाराच पायऱ्या आहेत. पाटीवर लिहिलंय."

डबलबेलरावांनी घड्याळ बघितलं. "अडीच वाजलेत. ही गाडी चुकली तर पुढची उद्या सकाळी."

शिवणबाईंनी मनोऱ्याकडे एकदा बघितलं. आणि त्या स्टॉपकडे निघाल्या.

बस उभीच होती. दोघं चढले, सॅक सीटवर टाकल्या. तेवढ्यात शिवणबाईंना आठवलं की बाटली रिकामी आहे. "किल्ल्याच्या दारात नळ आहे. ही गेले आणि ही आले."

"जा तू. मी दारात उभा राहतो, म्हणजे गाडी सुटणार नाही."

हे ते मनापासून म्हणाले होते. चुकलं एवढंच, की ते दारात उभे राहिले. बसच्या दारात, डावा हात दांड्यावर, पाठ खांबाला. ह्याच जागी त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गाडीवरची कंडक्टर, तिशीतली एक चटपटीत बाई, पुढे तिकिटं फाडत होती. एक आजीबाई गाठोडं घेऊन आली, तर ह्यांनी गाठोडं वर घेतलं. मग आजीला हात देऊन वर घेतलं. "पुढे जा आजी, पुढे जागा आहे." मग बाहेर डोकावून डावी-उजवीकडे बघितलं. कुणी धावत येत नव्हतं. घड्याळात दोन पंचेचाळीस. दार ओढून घेतलं. आणि मग, देवाशपथ, त्यांनी काहीच केलं नाही. हातच आपणहून वर गेला.

टिंग टिंग.

ड्रायव्हरनं पाठ ताठ केली आणि गाडी सुटली.

डबलबेलरावांना फार बरं वाटलं. अगदी वेळेवर! ते समाधानानं आपल्या सीटवर येऊन बसले आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून खिडकीबाहेर बघू लागले.

एका माणसानं विचारलं, "इथं कुणी आहे का?"

"आहे, माझी बायको—"

ते ताडकन उठले.

"थांबवा! गाडी थांबवा! माझी बायको खाली राहिलीय!"

"बेल कुणी मारली?" कंडक्टरबाई गर्दीतून वाट काढत आली. "मी विचारतेय, मघाशी बेल कुणी मारली?"

"मी. सवयीनं. चौतीस वर्षं मी हेच काम केलंय हो."

"मग नियम तुम्हाला मी सांगायला नको. बेल कुणी मारायची?"

"कंडक्टरनं."

"आणि स्टॉप नसताना गाडी?"

डबलबेलरावांनी मान खाली घातली. "थांबत नाही."

"पुढचा स्टॉप चार किलोमीटरवर. तिथं उतरा." आणि ती पुढे निघूनही गेली. तोच ठसका, तोच आवाज. एवढ्या संकटातही डबलबेलरावांना वाटलं, पोरगी कामाची आहे.

"कुणाची बायको राहिली?" गाठोडंवाल्या आजीनं शेजारणीला विचारलं.

"ह्यांची."

"भांडण झालं होतं का?"

"नाही हो!" डबलबेलराव म्हणाले.

"मग आता होईल," आजी म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले.

डबलबेलरावांनी घाईघाईनं मोबाइल काढून बायकोला फोन लावला. तिच्या सॅकमधून गाणं वाजू लागलं.

पुढच्या स्टॉपवर ते दोन्ही सॅकसकट उतरले. एक छप्पर, एक बाक आणि वेळापत्रकाचा पत्रा. त्यांनी पत्रा वाचला आणि तोंडचं पाणी पळालं. समुद्राकडून परतीची शेवटची गाडी चार वाजून दहा मिनिटांनी किल्ल्यावर. म्हणजे शिवणबाईंनी ठरवलं तर त्या चार दहाला बसणार आणि सरळ घर गाठणार. आणि शिवणबाई ठरवणार ह्यात शंका नव्हती. तिसरी वेळ झाली होती, आणि तीही अशी की बायकोच मागे टाकून.

आता तीन वाजले होते. तासाला चार किलोमीटर म्हणजे चारला पोचू, दहा मिनिटं हातात राहतील. डबलबेलरावांनी एक सॅक पाठीवर चढवली, दुसरी पोटावर अडकवली आणि चालायला सुरुवात केली.

हिशोब बरोबर होता. पण तो रिकाम्या हातांनी चालणाऱ्या, चाळिशीतल्या माणसाचा होता. पोटावरच्या सॅकमुळे पाय कुठे पडतोय ते दिसेना. ऊन तर असं, की डांबराला चिकटपणा आलेला. एका चढावर ते दोनदा बसले. तिसऱ्यांदा बसावंसं वाटलं तेव्हा घड्याळ बघितलं: तीन पंचावन्न, आणि अजून दीड किलोमीटर बाकी.

चार वाजून पाच मिनिटांनी मागून घरघर ऐकू आली. परतीची गाडी! डबलबेलरावांच्या एकदम लक्षात आलं, की आपण त्या छपराखाली बाकावर नुसते बसून राहिलो असतो, तर ह्या गाडीत आरामात बसून पाच मिनिटांत किल्ल्यावर उतरलो असतो. चौतीस वर्षं वेळापत्रकाशी संसार केलेल्या माणसाला हे सुचू नये! त्यांनी कपाळावर हात मारायला हात वर नेला आणि तो तसाच वर ठेवून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मग दुसराही हात वर केला. मग उड्या मारल्या. दोन सॅक घेऊन माणूस जितक्या मारू शकतो तितक्या.

"थांबा हो! एक मिनिट! पाया पडतो तुमच्या!"

ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला, गाडी बाजूनं वळवली आणि निघून गेला. दारातल्या कंडक्टरनं हातानंच खूण केली: पुढच्या स्टॉपला या.

डबलबेलराव धावले. धावले म्हणजे काय, सॅक धावल्या आणि ते मधे सापडले. लांबवर किल्ल्यापाशी गाडी थांबलेली दिसली, आणि पाहता पाहता ती सुटलीसुद्धा.

ते स्टॉपवर पोचले तेव्हा साडेचार व्हायला आले होते. बाक रिकामा. नळापाशी कुणी नाही. किल्ल्याच्या दारात पहारेकरी स्टुलावर बसून पेंगत होता.

"अहो, इथं एक बाई होत्या. हातात पाण्याची बाटली."

"होत्या की. पावणेतीनची गाडी गेली तिच्यामागे दहा पावलं धावल्या. मग कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बाई, परतीची गाडी चार दहाला आहे. म्हणाल्या, माहीत आहे."

"आणि मग?"

"मग माझा डोळा लागला."

डबलबेलरावांना तिथंच जमिनीवर बसावंसं वाटलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दिलेला शब्द, आणि तो सात किलोमीटरवर येऊन मोडला. तोही दोरीच्या दोन हिसक्यांनी. ते बसणार, एवढ्यात आकाशातून हाक आली.

"अहो! वर या!"

मनोऱ्याच्या टोकावरून शिवणबाई बाटली हलवत होत्या.

एकशे बारा पायऱ्या ते कसे चढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. सॅक खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. वर पोचले ते धापा टाकतच. शिवणबाई कठड्याला टेकून बसल्या होत्या, आणि हसून हसून त्यांचे डोळे लाल झाले होते.

"केव्हाची बघतेय मी तुम्हाला. आधी वाटलं कुणाचं तरी गाढव चुकलंय. दोन्हीकडे ओझं, मान खाली. मग गाढव घड्याळ बघायला लागलं, तेव्हा ओळखलं."

"तू... गाडीत... बसली नाहीस?"

"बसणारच होते. तिसरं बोट वर करून दारात उभी राहणार होते, म्हणजे तुम्हाला रस्त्यावरून दिसलं असतं. वीस पायऱ्या उतरले पण होते. तिथं भिंतीला एक झरोका आहे. सहज बघितलं तर तुम्ही रस्त्याच्या मधोमध. हात दाखवताय! स्टॉप नसताना! माझ्या सख्ख्या भावाला भर पावसात मागे सोडणारा माणूस उड्या मारतोय!" त्यांना पुन्हा हसू फुटलं. "पाया पडतो म्हणालात ना? इथवर ऐकू आलं नाही, पण हातांवरून कळलं. मी तिथंच पायरीवर बसले पोट धरून. हसता हसता गाडी गेली."

"म्हणजे तू मला माफ केलंस?"

"गाडी चुकली म्हणून राहिले. माफीचं नंतर बघू. आधी पाणी प्या, मग तिकडे बघा."

डबलबेलराव पाणी प्यायले आणि तिकडे बघितलं. शेतं, झाडं, छपरं, आणि सगळ्याच्या पलीकडे, आभाळ संपतं तिथं, एक लखलखती पट्टी.

"तो?"

"तोच. मघापासून बघतेय मी त्याला."

"मी दाखवणार होतो तुला," डबलबेलराव हळूच म्हणाले.

"मग आता मी दाखवला. त्यात काय?"

मग शिवणबाई उठल्या, त्यांच्या पोटावरची आपली सॅक सोडवून घेतली आणि पाठीला लावली. "चला. उद्याच्या गाडीची वाट बघत मी इथं बसणार नाही. सात किलोमीटर तर आहे."

डबलबेलरावांच्या ओठांवर आलं होतं की आत्ता पावणेपाच, म्हणजे साडेसहा, म्हणजे वाटेत थांबायचं नाही. त्यांनी ते गिळून टाकलं.

आणि बाई थांबली की! एका कुंपणावर वाळत घातलेल्या चादरींची शिवण बघायला थांबली. विहिरीत डोकावायला थांबली. एका शेळीशी बोलायला तर पुरती पाच मिनिटं थांबली. डबलबेलराव शेजारी उभे राहत, हात पाठीमागे बांधून. मघाच्या त्या छपरापाशी आल्यावर त्यांनी धीर करून विचारलं, "ते तिसरं बोट..."

"ते होय? आज जरा दुखतंय," शिवणबाई म्हणाल्या. "सुई टोचली असेल. वर होत नाहीये."

डबलबेलरावांचा जीव भांड्यात पडला. पुढचे तीन किलोमीटर त्यांना सॅक जाणवलीच नाही.

ऊन उतरता उतरता ते गावातून पलीकडे बाहेर पडले, आणि रस्ता संपून वाळू सुरू झाली. शिवणबाई बूट काढायलाही थांबल्या नाहीत. सरळ चालत गेल्या आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. एक लाट आली, गेली. त्यांनी वाकून ओंजळ भरली आणि चाखून बघितली.

"खारट आहे हो खरंच!"

"ते सगळ्यांनाच माहीत आहे."

"तुम्ही चाखलाय कधी?"

"नाही."

"मग?" त्यांनी निथळती ओंजळ त्यांच्यापुढे धरली.

डबलबेलरावांनी वाकून जीभ लावली, तोंड वाकडं केलं, आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा लावली.